नाईटनंतरची झोप

प्रश्न : चिपळूणजवळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. सलग नाईट लागल्या की दिवसा दोन-तीन तासांपलीकडे झोप होत नाही, मग मुलांवर खेकसते. जो तो 'योगा कर' म्हणतो. वेळ कुठून आणू?

उत्तर : योगाचं नंतर बघू, आधी झोप. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की झोप आणणारं मेलाटोनिन आटतं. एसटीने घरी जात असाल तर गडद गॉगल लावा. स्कूटीवर मात्र गॉगल नको, डुलकी लागेल. खरं तर नाईट संपवून घाटातून स्कूटी हाणूच नये.

चहाचं गणित बघा. कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. सकाळी नऊला झोपायचं तर शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा डोळे मिटणारच. जोडीच्या सिस्टरला सांगून, गजर लावून 20 मिनिटं पडा. पाऊणएक तास झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि डोकं जड राहील. उठल्या उठल्या औषधाचा डोस काढायला जाऊ नका, पंधरा मिनिटं थांबा.

घरी आल्यावर तळलेलं नको, उपाशीही नको. वाटीभर मऊ पेज आणि लोणचं पुरतं. खिडकीला काळं जाड कापड लावा. पंखा चालू ठेवा, दमटपणाही सोसवतो आणि बाहेरची खटपटही त्याच्या घरघरीत बुडते. झोप चार-पाच तासच झाली तर ड्यूटीआधी संध्याकाळी दीड तास पुन्हा आडवं व्हा. मुलांना सांभाळायला घरातलं कुणीतरी हवं, ते आधी ठरवून घ्या.

रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने मागा. शरीराचं घड्याळ पुढे सरकवणं मागे ओढण्यापेक्षा सोपं जातं. मागणी सगळ्यांनी मिळून, लेखी करा. दोन वॉर्डांना एकच सिस्टर असेल तर प्राणायामाने ते सुटत नाही, हे वरिष्ठांना कळू द्या.

प्रश्न : रुग्ण दगावला की घरी गेल्यावरही तोच चेहरा दिसतो.

उत्तर : हँडओव्हरनंतर, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवल्यावर, दहा मिनिटं, त्या वेळी सोबत असलेल्या सिस्टरशीच बोला. काय घडलं ते क्रमाने सांगा. चूक कुणाची, हा विषय त्यात नको. दोन आठवड्यांनंतरही झोप उडत असेल, किंवा जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी, 14416 वर फोन लावा. ही मानसिक आरोग्यासाठीची 'टेली मानस' सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.