वाचकांचे प्रश्न: स्वतःचा वायरलेस बोर्ड बनवताना

प्रश्न: नमस्कार सर, मी सोलापूरजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. पोरांनी ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा तयार डेव्हलपमेंट बोर्ड घेऊन डाळिंबाच्या बागेत मातीचा ओलावा मोजायचं यंत्र केलंय. २६०० एमएएचचा एक १८६५० लिथियम सेल ५ व्होल्टच्या पिनला जोडलाय, दर अर्ध्या तासाला रीडिंग पाठवून बोर्ड डीप स्लीपमध्ये (जवळजवळ सगळं बंद ठेवून झोपेत) जातो, तरी पंधरा दिवसांत खेळ खलास, आणि शेवटी शेवटी वायफाय लावताना रीसेट होत राहतो. आता स्वतःचा बोर्ड काढून तो ओपन सोर्स करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सर, सुरुवात पॉवरपासूनच करा, कारण तुमची दोन्ही दुखणी एकाच पार्टची आहेत. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये साधारण १० मायक्रोअँप खाते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण तयार स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा एएमएस१११७ हा रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणून धरणारा पार्ट) असतो आणि तो काही काम नसतानाही ५ मिलीअँपच्या आसपास ओढतो. २६०० ला ५ ने भागा, ५२० तास, म्हणजे जेमतेम २१ दिवस, त्यात तो लाल एलईडी आणि यूएसबीची चिप धरा, तुमचे पंधरा दिवस बरोबर बसतात. शिवाय या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतात, ३.३ पाहिजे तर ४.४ द्यायला हवेत, आणि लिथियम सेल फुल चार्ज असतानाच ४.२ चा! मग वायफाय सुरू होताना करंट एकदम २०० मिलीअँपच्या वर उसळतो, व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रीसेट होतो. कोडमध्ये कितीही शोधलंत तरी हे सापडणार नाही.

तुमच्या बोर्डावर एपी२११२ सारखा रेग्युलेटर टाका, ६०० मिलीअँप देतो, स्वतः ५५ मायक्रोअँपच्या आसपास खातो, आणि ईएसपी३२ मॉड्यूलच्या पॉवर पिनला अगदी चिकटून १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर द्या. समजा बोर्ड दर अर्ध्या तासाला ५ सेकंद जागा राहतो आणि तेव्हा सरासरी १०० मिलीअँप घेतो, तर दिवसाला साधारण ६.७ एमएएच, वर झोपेतले दीडेक, म्हणजे हिशेबाने दहा महिने निघतात. बागेत उन्हातान्हात थोडे कमी निघतील, पण पंधरा दिवस आणि हे यात किती फरक आहे बघा.

दुसरं अँटेना. मॉड्यूलचा नागमोडी अँटेनाचा भाग बोर्डाच्या कडेबाहेर येऊ द्या, ते जमत नसेल तर त्याच्याखाली कुठल्याच लेयरवर तांबं नको आणि आजूबाजूला १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. माझ्या पहिल्या बोर्डात मी अँटेनाखाली अख्खा ग्राउंड प्लेन, म्हणजे तांब्याचा सलग थर, ओतला होता, दहाच्या दहा बोर्ड हातात आले आणि शेजारच्या खोलीतला राउटरसुद्धा नीट धरेनात. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, म्हणून हे प्रत्येकाला सांगतो.

आणि पिना बाहेर काढताना दुसऱ्या कॉलेजातला पोरगा डोळ्यासमोर ठेवा. ईएसपी३२ मध्ये दोन एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारे भाग) असतात, वायफाय चालू असताना त्यातला एडीसी२ वापरता येत नाही, त्यामुळे सेन्सरच्या कनेक्टरवर फक्त एडीसी१ च्या, म्हणजे ३२ ते ३९ मधल्याच पिना द्या. जीपीआयओ १२ या पिनवर चालू होताना हाय सिग्नल आला तर नेहमीच्या मॉड्यूलवर बोर्ड बूटच होत नाही, ती पिन सेन्सरला देऊच नका. संशोधनासाठी आकडे हवेत तर आतल्या एडीसीवर भरवसा ठेवू नका, तो सरळ रेषेत मोजत नाही, एडीएस१११५ हा १६ बिटचा वेगळा एडीसी बोर्डावरच बसवा.

प्रश्न: डिझाइन ओपन केलं आणि कोणी उचलून विकायला लागलं तर? म्हणून आम्ही फक्त गर्बर फाइल (बोर्ड छापायला कारखान्यात देतात ती) टाकायचा विचार करतोय. (पुणे)

उत्तर: मग त्याला ओपन सोर्स हार्डवेअर म्हणता येणार नाही. गर्बरवरून बोर्ड छापता येतो पण त्यात बदल करणं फार अवघड. स्कीमॅटिक आणि लेआउटच्या कायकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधल्या मूळ फाइली आणि पार्ट नंबरांसकट बीओएम (पार्टांची यादी) द्या. एक पार्ट तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाला नाही तर त्याऐवजी काय चालेल हेही लिहा, नाहीतर मुलं तिथून हात हलवत परत येतात. ओपन हार्डवेअरच्या व्याख्येत विकायची मुभा धरलेलीच आहे, 'धंद्यासाठी वापरू नका' अशी अट घालता येत नाही. बदल केले तर तेही उघडे करा एवढंच हवं असेल तर सर्न ओएचएल या ओपन हार्डवेअर परवान्याची स्ट्राँगली रेसिप्रोकल आवृत्ती घ्या, २०२० पासून त्याचे तीन प्रकार आहेत. नाव मात्र तुमचं ठेवा, आर्डुइनोचंही तसंच आहे, बोर्डाची नक्कल करायला मोकळीक पण नाव ट्रेडमार्क. स्वतः विकणार असाल तर वायरलेस म्हणून डब्ल्यूपीसी या सरकारी वायरलेस विभागाचं ईटीए (उपकरणाची मंजुरी) लागेल, ते आधीच बघा.

प्रश्न: आमच्या उसात वायफाय पोचतच नाही. बोर्डावर लोरा (कमी स्पीडचा पण लांब पोचणारा रेडिओ) टाकू का? (सांगली)

उत्तर: टाका. ओल्या पानांतून २.४ गिगाहर्ट्झ लवकर मरतं, आणि ओलाव्याचे चार आकडे पाठवायला लोराचा कमी स्पीड पुरतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, म्हणून आरएफएम९५ या लोरा मॉड्यूलचं ८६८ वालं घ्या, ४३३ वालं स्वस्त दिसलं तरी नको. त्याच्या पिनांमधलं अंतर २ मिलिमीटर असतं, नेहमीचं २.५४ नाही, फुटप्रिंट (बोर्डावरची त्याची जागा) काढताना बरेचजण इथेच चुकतात. साध्या तारेची अँटेना ८.६ सेंटीमीटर, उसाच्या शेंड्यांच्या वर येईल अशी काठीला बांधा, आणि अँटेना लावल्याशिवाय ट्रान्समिट करू नका, मॉड्यूल जळू शकतं.