कुनमिंगला शिकवायला जाताना

प्रिय,

नेमणुकीचं पत्र आलं, मनापासून अभिनंदन! चीनमधल्या कुनमिंगच्या हवेची काळजी नको, तिथे ना कडाक्याची थंडी ना उकाडा. काळजी घ्यायची ती पहिल्या तीस दिवसांची.

तुझ्या झेड व्हिसावर (नोकरीसाठीचा व्हिसा) मुक्कामाच्या दिवसांपुढे 000 छापलेलं असेल. त्याचा अर्थ एवढाच, की चीनमध्ये पाऊल ठेवल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. त्याआधी, पोचल्यापासून 24 तासांत पोलिसांकडे राहत्या पत्त्याची नोंद हवी. हॉटेलात उतरलीस तर हॉटेलच ती करतं. विद्यापीठाच्या घरात उतरलीस तर परदेशी शिक्षकांचं काम बघणाऱ्या विभागाला पहिल्याच दिवशी आठवण कर आणि नोंदीचा कागद जपून ठेव, कारण परवान्याच्या अर्जाला तोच लागतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी (उपाशीपोटी जा), कामाचा परवाना आणि शेवटी निवास परवाना. शेवटच्या टप्प्यात पासपोर्ट काही दिवस पोलिसांकडे राहतो, म्हणून त्या काळात बाहेरगावचा बेत नको.

आपल्या नावाचा घोळ मात्र नक्की होतो. पासपोर्टात तुझ्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं आहे आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेत कारकून ते कोणत्या क्रमाने, किती मोकळ्या जागा सोडून टाइप करतो ते खिडकीवरच नीट बघ. सिमकार्ड, बँक खातं, वीचॅट (निरोप आणि पैसे पाठवायचं अॅप) आणि अलीपे (पैसे द्यायचं अॅप) या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं असलं पाहिजे. एक जागा कमीजास्त झाली तरी खातं जोडलं जात नाही, आणि तिथे भाजीवालाही पैसे मोबाइलवरच घेतो.

आता वर्ग. एक तास 45 मिनिटांचा, आणि बहुधा दोन तास जोडून येतात. प्रश्न विचारलास की सगळे गप्प बसतील. त्यांना येत नाही असं नसतं. चारचौघांत चुकायची आणि पुढे पुढे करतोय असं दिसायची धास्ती असते. म्हणून प्रश्न फळ्यावर लिही, शेजारच्याशी बोलायला दोन मिनिटं दे, मग हजेरीपटातला एखादा क्रमांक पुकार. शेजाऱ्याशी बोलून झालेलं उत्तर दोघांचं होतं, त्यामुळे ते सांगायला जड जात नाही. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी असतो, त्याला बानचांग म्हणतात. खोली बदलली, तास हलला, कोणी आजारी पडलं, सगळं त्याच्याकडून कळतं. पहिल्याच दिवशी त्याला वीचॅटवर जोडून घे.

गुण 100 पैकी, उत्तीर्ण व्हायला 60. अंतिम परीक्षेबरोबर सत्रभराच्या कामाचेही गुण धरले जातात. दोन्हींचं प्रमाण सत्राच्या सुरुवातीला लिहून द्यावं लागतं, ते नंतर बदलता येत नाही. हजेरी, गृहपाठ, तोंडी काम यांची नोंद दर आठवड्याला तारखेसकट कर. कोणी गुणांबद्दल विचारलं तर ही वहीच तुझी बाजू मांडेल. प्रश्नपत्रिकेचे सहसा दोन संच मागतात, दुसरा फेरपरीक्षेसाठी. 55 ते 59 मधल्या उत्तरपत्रिका संगणकात गुण भरण्याआधी पुन्हा तपास, कारण भरलेला गुण बदलायला वरच्यांच्या सह्या लागतात.

1 ऑक्टोबरच्या (चीनचा राष्ट्रीय दिन) सुट्टीचं तिकीट घाईने काढू नकोस. सलग सुट्टी मिळावी म्हणून आसपासचा एखादा शनिवार-रविवार कामाचा ठरवतात आणि त्या दिवशी भलत्याच वाराचे तास घ्यावे लागतात.

कोणी घरगुती शिकवणीची गळ घातली तर सरळ नाही म्हण. कामाचा परवाना फक्त तुझ्या विद्यापीठापुरता असतो. बाहेरच्या कामाला कायद्याने 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असलं तर 5 ते 15 दिवस कोठडी. चार पैशांसाठी हे ओढवून घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

जेवणाचं म्हणशील तर नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. मापो टोफूत आणि परतलेल्या शेंगांत बऱ्याचदा खिमा असतो, पालेभाजी डुकराच्या चरबीतही परततात. 'मांस नको, खिमा नको, चरबी नको' असं चिनी लिपीत लिहून घे आणि ऑर्डर देतानाच दाखव. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची दीसानश्येन ही भाजी बहुतेक खानावळींत मिळते. घरी शिजवायला कुकर इथूनच ने. शहर सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे, पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे नुसत्या पातेल्यात तूरडाळ लवकर शिजत नाही. पण कुकर इंडक्शनचा तळ असलेला घे, साधा अॅल्युमिनियमचा तिथल्या शेगडीवर तापणारच नाही.

सस्नेह आशीर्वाद.