कीपरला विचारा : सुटलेला झेल, वाकडी बोटं आणि नंबर दोन

प्रश्न : १९९० च्या लॉर्ड्स कसोटीत किरण मोरे यांनी ग्रॅहम गूचचा सोपा झेल सोडला. इतक्या मुरलेल्या यष्टिरक्षकाच्या हातून असा झेल सुटतोच कसा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुटतो, आणि सोपाच सुटतो. अवघड झेलाला विचार करायला सवड नसते, अंग आपसूक तिकडे झेपावतं. सरळ हातात येणाऱ्या झेलाच्या वेळी मात्र ‘हा आपलाच’ असं मनात येऊन जातं, आणि बोटं घाई करतात. शिवाय इंग्लंडमध्ये फलंदाजाला ओलांडून गेल्यावरही चेंडू हवेत डुलतो. मोरेचं नेमकं काय चुकलं ते त्यालाच ठाऊक.

गोलंदाज संजीव शर्मा होता, गूच ३६ वर होता. त्यानं पुढे ३३३ केल्या, दुसऱ्या डावात आणखी १२३, आणि आपण २४७ धावांनी हरलो. तो झेल २९७ धावांना पडला, असा हिशेब लोक आजही मांडतात. मला तो अर्धवट वाटतो. नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली अझरुद्दीननं. इंग्लंडनं चार गडी गमावून ६५३ वर डाव सोडला, त्यात आपल्या गोलंदाजांचा काहीच वाटा नाही का? पण गोलंदाजाला लगेच पुढचा चेंडू टाकता येतो. कीपरला पुढच्या संधीसाठी दिवसभर ऊठबस करत थांबावं लागतं. नव्वद षटकांच्या दिवसात ५४० वेळा!

याच मोरेनं १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात, पदार्पणाच्या मालिकेत, ३ कसोटींत १६ झेल घेतले होते. मालिका आपण २-० जिंकलो. त्याबद्दल मला आजवर एकाही वाचकानं विचारलेलं नाही.

प्रश्न : हल्ली कसोटीत यष्टिचीत फारसे दिसत नाहीत. कीपर कच्चे झाले का? (नागपूर)

उत्तर : कच्चे नाहीत, पण संधी कमी झाल्या. फलंदाज पुढे सरसावून चुकला की चेंडू पकडून स्टंप उडवायचे, ते यष्टिचीत. ऑस्ट्रेलियाचा कीपर बर्ट ओल्डफील्ड दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. त्याचे झेल आणि यष्टिचीत मिळून १३० कसोटी बळी, त्यांतले ५२ यष्टिचीत. मोरेचेही बरोबर १३०, पण यष्टिचीत २०. ओल्डफील्डच्या वेळी खेळपट्ट्या झाकत नसत आणि संघात ग्रिमेट, ओ’रायलीसारखे फिरकीवाले होते.

मोरेच्या त्या वीसपैकी सहा एकाच सामन्यातले. जानेवारी १९८८, मद्रास, वेस्ट इंडीजविरुद्ध. खेळपट्टी आखाडा होती, पदार्पण करणाऱ्या नरेंद्र हिरवाणीनं १६ बळी घेतले. त्याच्या लेगस्पिनवर पुढे सरसावण्याची त्या फलंदाजांना हौस फार. एका डावात पाच यष्टिचीत आणि सामन्यात सहा, हे दोन्ही विक्रम मोरेचे. लोक हिरवाणीचे सोळा मोजतात. मी मोरेचे हात बघतो. उसळणारा, वळणारा चेंडू, मध्ये फलंदाजाचं अंग, आणि तरी ग्लोव्हज स्टंपांवरच्या बेल्सपाशी वेळेवर.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, उंची बेताची. प्रशिक्षक कीपिंग करायला सांगतात. उंचीची अडचण येईल? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नाही. मोरे कुठे उंच होता? मुलाला फिरकीसमोर स्टंपांना लागून उभं करा आणि एकच गोष्ट पाहा : तो चेंडू टप्पा पडायच्या आधी उठतो की चेंडूच्या उसळीबरोबर? आधी उठणाऱ्याच्या ग्लोव्हजखालून चेंडू जातो. ही खोड तेराव्या वर्षी मोडते, विसाव्या वर्षी नाही. इनर ग्लोव्हज चांगले घ्या. बोटं तरीही वाकडी होतील. माझी उजवी करंगळी आजही अंगठीला दाद देत नाही.

प्रश्न : संघात कीपरची जागा एकच. नंबर दोनच्या कीपरनं करायचं काय? (ठाणे)

उत्तर : या प्रश्नाचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. नयन मोंगियाचं बघा. तो बडोद्याचा आणि मोरेही बडोद्याचाच, म्हणजे घरी आणि देशातही पुढे तोच माणूस उभा. १९९४ च्या जानेवारीत लखनौला त्याला कसोटी मिळाली, आणि मग तो ४४ खेळला. आपल्या मुंबईच्या चंद्रकांत पंडितला ५ कसोटींवर थांबावं लागलं. त्यातली पहिली, १९८६ ची लीड्सची, तर निव्वळ फलंदाज म्हणून. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यानं विदर्भाला आणि मध्य प्रदेशला रणजी करंडक जिंकून दिला.

मला सगळ्यात जवळचा वाटतो समीर दिघे. बत्तिसाव्या वर्षी, मार्च २००१ मध्ये, चेन्नईला स्टीव्ह वॉच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी. मालिका १-१, शेवटच्या डावात गडी पटापट पडताहेत, आणि हा नवखा म्हातारा नाबाद २२ करून उभा. आपण दोन गडी राखून जिंकलो. त्याच्या वाट्याला एकूण कसोटी आल्या सहा. तेवढ्यासाठी बत्तिशीपर्यंत तयार राहायचं असतं. तुमची तयारी आहे का, ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : फिरकीला हेल्मेट घालणं कमीपणाचं आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : २००० साली ढाक्यात कुंबळेच्या चेंडूवर आपला कीपर सबा करीमच्या डोळ्याला इजा झाली. २०१२ मध्ये टाँटनला फिरकीवाल्या इम्रान ताहिरनं त्रिफळा उडवला, उडालेली बेल दक्षिण आफ्रिकेचा कीपर मार्क बाउचरच्या डोळ्यात घुसली आणि ५५५ कसोटी बळींवर त्याची कारकीर्द संपली. हेल्मेट घाला. जाळी नीट बसली आहे ना, तेही बघा.