फोनवरचा माणूस, सभेतला माणूस

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका, वय ६८. १९७८ साली औरंगाबादला एम.ए. करताना वर्गातल्या एकावर जीव जडला. मी बौद्ध वस्तीतली, तो पाटलाच्या घरचा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, दंगली उसळल्या, माझ्या मामाचं घर जाळलं. तो विरोधकांच्या सभेत व्यासपीठावर होता. नंतर भेटलाच नाही. पुढं माझं लग्न झालं. आता पती नाहीत. त्याचीही बायको वारली. वर्षभर रोज संध्याकाळी फोन येतो, ‘उरलेले दिवस सोबत काढू’ म्हणतो. मामाचा विषय काढला की ‘झालं ते गंगेला मिळालं’. मुलगा चिडलाय. तीन पक्ष बदललेला माणूस मला तरी धरून राहील का?

उत्तर : ताई, पक्षांचं सोडा. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेत आयुष्यभर एकाच झेंड्याखाली राहिलेला माणूस शोधावा लागेल. तो तिकिटाचा हिशेब असतो, त्यावरून घरातला माणूस कळत नाही.

मला अडतंय ते गंगेपाशी. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात माणसं मारली गेली, वस्त्या जळाल्या, कितीतरी कुटुंबं गाव सोडून शहरात आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही जुनं नाव तसंच ठेवून, ‘नामविस्तार’ म्हणून. एवढ्या वर्षांत दोन ओळींचं पत्र टाकायला त्यांना कुणी अडवलं होतं? आणि घर जळालं मामाचं. ते गंगेला सोडायचं की नाही, हे या गृहस्थांनी कसं काय ठरवलं?

‘तेव्हा वय लहान होतं’ असं ते म्हणतील. वडिलांचा धाक असेलही, मी नाही म्हणत नाही. पण त्याच वयाची सवर्ण घरातली काही पोरं नामांतराच्या बाजूनं सत्याग्रह करून तुरुंगातही गेली होती.

म्हणून त्यांना घरी बोलवा. मुलाला समोर बसवा. त्या सभेत काय बोललात, मामाचं घर जळाल्याचं कधी कळलं, मग भेटायला का आला नाहीत, एवढं विचारा. मामाकडचं कुणी हयात असेल तर त्यांच्या दारातही जायला सांगा. विरोध माईकवरून केला होता, माफी फोनवर कुजबुजून चालणार नाही. हे त्यांना जमलं, तर लोकांची पर्वा न करता पुढं जा. नाही जमलं, तर हा माणूस फोनपुरताच बरा.

मुलगा नेमका कशावर चिडलाय, तेही विचारा. मामाच्या घरावरून असेल तर त्याचं ऐका. ‘या वयात लोक काय म्हणतील’ एवढंच असेल, तर बसू द्या रुसून.

तुमची स्वतःची पेन्शन लग्नानं जात नाही. पतीची कुटुंब पेन्शन घेत असाल तर पुनर्विवाहानंतर तिचं काय होतं, हे नियमांवर अवलंबून असतं. नोंदणीआधी कोषागारात विचारून घ्या. लग्न केलंच पाहिजे असंही नाही. तोवर फोन उचलत राहा. बोलायला आवडतं, हे तुम्ही पत्रात लिहिलं नसलं तरी दिसतंच आहे.