हलत्या जहाजाच्या डेकवर विमान आपोआप कसं उतरतं?

डेकचा प्रत्येक हेलकावा विमान पाठलाग करून पकडत नाही, हे आधी लक्षात घ्या. उतरणीचा मार्ग जहाजावरचे, त्याचा कल आणि हालचाल मोजणारे जायरोस्कोप आणि त्वरणमापक स्थिर धरतात, म्हणजे डेक डोलला तरी साधारण ३.५ अंशांची ती अदृश्य घसरगुंडी जागची हलत नाही. अगदी शेवटच्या दहा-बारा सेकंदांतच डेकची वरखाली हालचाल हिशेबात मिसळली जाते. ती आधीपासून मिसळली तर विमान उगाच झोके घेत राहील.

जुन्या पद्धतीत जहाजावरचं रडार विमानाचं स्थान मोजतं आणि दुरुस्तीच्या आज्ञा रेडिओवरून ऑटोपायलटला पाठवतं. १९५७ मध्ये अमेरिकेच्या 'अँटिएटम' नौकेवर असं पहिलं स्वयंचलित अवतरण झालं. नव्या 'जेपाल्स' या अवतरण प्रणालीमध्ये जहाज आणि विमान यांच्या जीपीएस मोजणीतला फरक वापरतात.

खरी अडचण अचूकतेची. ३.५ अंशांच्या उतारावर उंचीत १ मीटर चूक झाली की टेकण्याची जागा १६ मीटर सरकते. विमानाचा हुक अडकवून त्याला थांबवणाऱ्या, डेकवर आडव्या ताणलेल्या अटकाव तारांमधलं अंतर साधारण १२ मीटर, म्हणजे तेवढ्यात एक तार हुकते! शिवाय अँटेना डोलकाठीवर आणि तारा शंभरेक मीटर मागे असतील, तर जहाज १ अंश कललं तरी तिथे पावणेदोन मीटरचा फरक पडतो. तो वजा करावाच लागतो.

डेकचा मागचा काठ अचानक उचलला गेला तर धडकेचा धोका असतो, म्हणून तेव्हा अवतरण सोडून पुन्हा वर जायचं. चाकं टेकताच इंजिन पूर्ण जोरात हवं, कारण हुक तारेत अडकेलच असं नाही.