ही कोणती माई? कालकुपीविषयी वाचकांचे प्रश्न

आजच्या काही वस्तू डब्यात बंद करायच्या आणि वीस-पंचवीस वर्षांनी ठरलेल्या दिवशी उघडायच्या, त्या डब्याला आम्ही इथे कालकुपी म्हटलं आहे. कुणी टाइम कॅप्सूल म्हणा, आमची हरकत नाही. बरीच पत्रं एकाच वळणाची होती, ती एकत्र केली आहेत.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला कालकुपी करायची आहे, ती पंचविसाव्या वाढदिवसाला उघडेल. डबा कोणता घ्यावा? बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घरात आहे. (ठाणे)

तो डबा चकल्यांना ठेवा. पत्र्यावरचा कथिलाचा थर झाकणाच्या कडेला पहिल्यांदा खरवडला जातो. तिथून गंज धरला की ठाण्याच्या हवेत काही पावसाळ्यांत कड सच्छिद्र होते, आणि गंजाचे तांबडे डाग आतल्या कागदांवर उतरतात.

स्टेनलेस स्टीलचा, सिलिकॉनची रिंग आणि बाजूला कड्या असलेला हवाबंद डबा घ्या. आठ-दहा लिटरचा पुरतो. स्टील ३०४ ग्रेडचं हवं. स्वयंपाकघरातली बरीच भांडी २०२ ची असतात, ती किनारपट्टीवर डागाळतात. लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण तो दोन्हींना जवळजवळ सारखाच चिकटत नाही. ग्रेडचा छाप बघूनच घ्या. रिंग काळ्या रबराची असेल तर बदलून सिलिकॉनची बसवा, रबर काही वर्षांत तडकतं.

विकत आणल्यावर परीक्षा घ्या. आत कोरड्या टिश्यूपेपरची घडी ठेवा, झाकण लावा, डबा पाण्याच्या बादलीत बुडवून वर वीट ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी बाहेरून नीट पुसून उघडा. घडीला ओलसर डाग दिसला तर डबा परत करा.

आता मुख्य गोष्ट. लोकांना डब्यातल्या हवेची धास्ती असते, पण ओल हवेत नसते, कागदात असते. दहा लिटर हवा ३० अंशाला दमटपणाने अगदी भरलेली असली तरी तिच्यात पाणी असतं जेमतेम ०.३ ग्रॅम. उलट पावसाळ्यात ठेवलेल्या दोन किलो कागदात वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोनशे ग्रॅमपर्यंत पाणी मुरलेलं असू शकतं. सिलिका जेलच्या पुड्या हे पाणी शोषून संपवतील ही आशा सोडा. दीडशे ग्रॅम जेल फार तर तीस-चाळीस ग्रॅम पाणी धरतं.

म्हणून जूनपासून दिवाळीपर्यंत कालकुपी बंद करू नका. वाढदिवस ऑगस्टमध्ये असला तर त्या दिवशी वस्तू गोळा करा, डबा जानेवारी-फेब्रुवारीत बंद करा. आधी आठ-दहा दिवस कागद आणि कपडे कोरड्या खोलीत पंख्याखाली पसरून ठेवा. उन्हात नको, शाई उडते. मग दहा लिटरला १५० ग्रॅम या हिशेबाने नारिंगी रंगाचं सिलिका जेल सुती पुरचुंडीत बांधून तळाशी ठेवा. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. जेल जुनं असेल तर ओव्हनमध्ये ११०–१२० अंशावर दोन-तीन तास तापवून पुन्हा पूर्ण नारिंगी करून घ्या.

पहिले पंधरा दिवस डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवून बघा. आकडा ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये स्थिरावला की काम झालं. ५५ च्या वर गेला तर सगळं पुन्हा बाहेर काढून वाळवा. ६५ च्या वर बुरशीला आमंत्रणच असतं. शेवटच्या वेळी बंद करताना तो मापक बाहेर काढायला विसरू नका, त्यात बटन-सेल असतो.

परसातल्या आंब्याखाली पुरायची कल्पना मुलांना फार आवडली आहे. किती खोल पुरावी? (रत्नागिरी)

पुरू नका.

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने १९५७ साली नवी कोरी प्लिमथ बेल्व्हेडियर मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी, २००७ मध्ये, झाकण काढलं तेव्हा आत पाणी भरलेलं होतं आणि गाडीचा गंजून सांगाडा झाला होता. काँक्रीटची ही गत, तर तुमच्याकडे जांभा आहे. तो पावसाचं पाणी स्पंजासारखं घेतो. देशावर काळ्या मातीत वेगळी अडचण: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेली वस्तू दरवर्षी थोडी पिरगाळते. आंब्याची मुळं धरलीच नाहीत.

पुरलेली वस्तू ज्याच्या हाती यायची त्याच्याच हाती येते असंही नाही. इंदिरा गांधींच्या सरकारने १९७३ साली लाल किल्ल्यात पुरलेलं कालपात्र जनता पक्षाच्या सरकारने १९७७ मध्येच उकरून काढलं. तुमच्या परसात राजकारण नसेल, पण शहरातल्या वाचकांनी सोसायटीच्या आवारात पुरण्याआधी रीडेव्हलपमेंटचा जेसीबी आठवावा.

मुलांना गुप्तधनाची मजा हवीच असेल तर पितळी डब्यात गोट्या आणि नाणी घालून पुरा आणि पुढच्या मे महिन्यात काढा. खरी कालकुपी घरात आतल्या भिंतीच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर नको, स्लॅब तापतो. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशीही नको.

यादी केली तर ऐंशी वस्तू झाल्या. काय ठेवावं, काय गाळावं? (नाशिक)

एक चाळणी लावा: या गोष्टीची नोंद दुसरीकडे कुठे राहणार आहे का? निवडणुकीच्या निकालाचं वर्तमानपत्र ग्रंथालयात मिळेल. तुमच्या घरी महिन्याला काय किराणा येतो, ते कुठेच मिळणार नाही. म्हणून वाण्याला लिहिलेली खरी यादी, खाडाखोडीसकट. विजेचं बिल. फोनच्या पहिल्या पडद्याचा छापलेला फोटो. घराच्या प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, पसारा न आवरता. ओट्याचा एक फोटो जवळून. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या.

पाककृती ठेवणार असाल तर वाटीचं माप आधी ठरवा. "दोन वाट्या डाळ" वाचून पंचवीस वर्षांनी काही कळणार नाही, कारण ती वाटी मोडीत गेलेली असेल. वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. तो आकडा पाककृतीच्या डोक्यावर लिहा. "ओंजळभर" असेल तर ज्यांची पाककृती त्यांनाच ओंजळ भरायला लावा आणि ती वजन करा. "चवीपुरतं" मात्र तसंच राहू द्या.

वस्तू पंचवीसच्या आत ठेवा, कारण प्रत्येकीबरोबर चिठ्ठी लिहायची आहे आणि ऐंशी चिठ्ठ्या कुणी लिहीत नाही. खरं कष्टाचं काम हेच आहे. लोक डब्यावर हजार रुपये घालवतात आणि फोटोच्या मागे लिहितात, "माई आणि अण्णा, गणपतीत." कोणती माई? आपल्याकडे घरटी एक माई आणि दोन अण्णा. नातं हे बोलणाऱ्यापासून मोजलेलं असतं, तुमची आत्या नातीची कोण लागते हे तिला मोजत बसावं लागेल. म्हणून पूर्ण नाव, माहेरचं नाव, जन्मवर्ष, गाव आणि मग घरात काय म्हणायचे ते. समूहाच्या फोटोत "डावीकडून" म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हेही लिहा. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

नातीचं टोपरं-दुपटं ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: कपडा आज स्वच्छ दिसतो म्हणून तसाच ठेवू नका. दुधाचे डाग आज दिसत नाहीत, काही वर्षांनी पिवळे-तपकिरी होऊन वर येतात. दोनदा धुवा, साबण पूर्ण निघू द्या, खळ किंवा नीळ नको. खळीवर कसर येते. चांदीचे वाळे लोकरीशेजारी किंवा रबरबँडमध्ये ठेवू नका, दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळी पडते. जावळ कागदी पाकिटात ठेवा.

एसटीचं तिकीट, सिनेमाची तिकिटं, पहिल्या पगाराची एटीएमची चिठ्ठी जपली आहे. आत्ताच फिकी दिसतात. (सोलापूर)

हे थर्मल कागद. यात शाई नसतेच, उष्णतेने कागदावरचं रसायन काळं होतं आणि ते हळूहळू परत पांढरं पडतं. ओळखायचं कसं? कोऱ्या कोपऱ्यावर नखाने जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली की थर्मल. त्यांची आजच साध्या कागदावर लेझर झेरॉक्स काढा आणि मूळ तिकीट वेगळ्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या पारदर्शक कव्हरात ठेवलीत तर आणखी लवकर उडतील. कव्हर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचंच घ्या. नव्या कव्हराला रेक्झिनसारखा उग्र वास आला की ते बहुधा पीव्हीसी.

वर्तमानपत्राचंही तसंच. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्या कागदाला पिवळं आणि ठिसूळ करतं, आणि त्याचं आम्ल शेजारच्या कागदावरही उतरतं. झेरॉक्स ठेवा, किंवा कात्रण दोन ॲसिड-फ्री कागदांच्या मध्ये ठेवा. टाचण्या, स्टेपल, सेलोटेप सगळं काढून टाका. लॅमिनेशन करू नका.

पत्र कोणत्या पेनाने लिहावं? (एडिसन, न्यू जर्सी)

पिगमेंट शाईच्या काळ्या पेनाने, नाहीतर शिसपेन्सिलीने. दोन्हींत काळेपणा कार्बनचा असतो आणि कार्बन उडत नाही. काजळाच्या शाईत लिहिलेली पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही काळीभोर दिसतात. वाचणारे मात्र कमी झाले. नातवंडं तिकडेच वाढणार असतील तर पत्र मराठीत लिहा आणि सोबत इंग्रजी सारांश ठेवा. डबा बेसमेंटमध्ये नको, तिथे ओल असते.

आजोबांच्या आवाजातल्या ओव्या आणि व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये ठेवले तर चालतील ना? (पुणे)

फक्त तेवढ्यावर नको. पेनड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि न वापरता पडून राहिली की तो भार झिरपत जातो. शिवाय पंचवीस वर्षांनी तो खुपसायला जागा असेल का, हा प्रश्न आहेच. घरात फ्लॉपी असेल तर आज कुठे लावून बघता येते ते आठवा.

डिजिटल प्रत डब्याबाहेर, घरच्या चालू संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. दर चार-पाच वर्षांनी ती नव्या साधनावर चढवायचं काम घरातल्या एका माणसाच्या नावावर टाका. डब्यात प्रत ठेवायचीच तर आवाज एमपी३ किंवा वेव्ह, फोटो जेपीईजी, लेखन पीडीएफ आणि साधी टेक्स्ट फाइल. पासवर्ड घालू नका. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली आजच उघडल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ओव्यांचे शब्द कागदावर उतरवून ठेवा, आजोबा जसे उच्चारतात तसे, शुद्धलेखन न सुधारता. निवडक तीस-चाळीस फोटो लॅबमध्ये फोटोपेपरवर काढून घ्या. दोन फोटोंच्या तोंडातोंडी कागद घाला, नाहीतर दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात.

डांबरगोळ्या टाकाव्यात का? (लातूर)

नाही. त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि फोटोंवर बसते. पोथ्यांच्या पेटीत घालतात तसं वाळलेलं वेखंड फडक्यात बांधून ठेवलं तर चालेल, कागदाला टेकू देऊ नका. कडुलिंबाचा ओला पाला म्हणजे डब्यात पाणी ओतणंच.

बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा ठेवता येतील? (कोल्हापूर)

येतील, पण मोजून. २०१७ च्या कायद्यानुसार २०१६ मध्ये रद्द झालेल्या नोटा एका माणसाकडे सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त असता कामा नयेत. अभ्यासासाठी किंवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. एक-एक ठेवा. आधारची झेरॉक्स, पासवर्ड, औषधं, अत्तर, लायटर यांतलं काही नको, आणि जुना मोबाइल बॅटरीसकट तर नकोच: ती फुगते.

डबा आहे हेच विसरलो तर? (बेळगाव)

बहुतेक कालकुप्यांचं हेच होतं. डब्यावर उघडण्याची तारीख आणि "आधी उघडू नये" एवढं कोरून घ्या. भांड्यांवर नाव घालणारा मशीनने पाच मिनिटांत घालून देतो, कागदी लेबल गळून पडतं. आतल्या वस्तूंच्या यादीच्या तीन प्रती करा: एक डब्यात सर्वांत वर, एक घराच्या खरेदीखताच्या फायलीत, कारण घर विकताना ती फाइल निघतेच, आणि एक तुमच्याहून वीस वर्षांनी तरी लहान असलेल्या नातेवाइकाकडे. डबा हलवला की तिन्ही प्रतींवर नवी जागा लिहा. उघडण्याची तारीख पावसाळ्यात येत असेल तर यादीवरच लिहून ठेवा: दिवाळीनंतर उघडणे.