सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट, दम लागणाऱ्या आजाराच्या) पेशंटला ऑक्सिजन आपोआप कमी-जास्त करणारं मशीन खरंच उपयोगी आहे का?

आहे. माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग हा, की त्याच्या नॉबला पाहुण्यांचा हात सहजी लागत नाही.

आमचे आबा वाळवा भागात गुळव्या, म्हणजे गूळ करणारे, होते. जन्म चुलवाणाच्या धुरात गेला, त्यात बिडी. तीन वर्षांमागं थंडीत दम वाढला म्हणून सांगलीत ॲडमिट केलं. नाकात नळी, मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन, मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के. डॉक्टर म्हणाले, यांना ८८ ते ९२ बास. रात्री मी चहाला खाली उतरलो आणि तेवढ्यात विट्याहून दाजी आले. "९०च? एवढं बिल भरतोय आणि ऑक्सिजनला काटकसर?" असं म्हणून त्यांनी स्वतःच भिंतीवरचा नॉब पिळला. मी वर आलो तर काचेतली गोळी ६ वर, मॉनिटरवर ९८, दाजी खूश. "बघ, कसे शांत झोपलेत."

ती झोप नव्हती. हाक मारली की डोळे किलकिले करून परत मिटायचे. सिस्टरनं हात पुढं धरायला लावले तर पंजे फडफडत होते. रक्त तपासलं, कार्बन डायऑक्साइड चढलेला. मग रात्रभर बायपॅप, म्हणजे मास्कमधनं दाबानं हवा देणारं मशीन. पहाटे आबांनी चहा मागितला तेव्हा कुठं मी खाली बसलो.

जादा ऑक्सिजन मिळाला की फुप्फुसाच्या खराब भागाकडंही रक्त वळतं. तिथं हवा नीट खेळत नाही, मग कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणार कसा? मशीन बोटाच्या चिमट्याचा आकडा सारखा वाचून फ्लो बदलतं. डेन्मार्क आणि कॅनडात अशी मशीनं बनली आहेत, आणि हातानं नॉब फिरवण्यापेक्षा त्यांच्यावर पेशंट ठरलेल्या आकड्यांत जास्त वेळ राहतो.

ज्यांना "जास्त ऑक्सिजननं कुणी मरत नाही" वाटतं, त्यांच्यासाठी: टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या ४०५ पेशंटचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४.

हां, बोट गार पडलं किंवा चिमटा निसटला तर आकडा खोटा येतो, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड चिमट्याला कळत नाही. त्यामुळं सिस्टर लागतेच. आणि ८८-९२ सगळ्यांना नसतं, ते डॉक्टर ठरवतात.

दाजी अजून म्हणतात, आबा त्या रात्री दमून झोपले होते. हा अभ्यास त्यांना दोनदा पाठवलाय. टिका निळ्या झाल्यात, उत्तर नाही.